तवा तापला की आठवतं ते



हे प्रकरण एका कीर्तनाचं नाही. सप्ताहात रात्रीची पंगत उठली की टाळकरी पोरं, नवे कीर्तनकार माझ्याभोवती येऊन बसतात आणि फिरून फिरून एकच गोष्ट विचारतात, "महाराज, आपण सांगितलेलं लोकांच्या ध्यानात राहावं म्हणून काय करावं?" त्या बैठकीत जे बोलणं झालं ते कुणीतरी मोबाईलवर टिपून घेतलं. तेच उतरवून इथे दिलं आहे. वाचणाऱ्या माउलींनो, तुम्ही कीर्तन करत नसाल. पण नातवाला, सुनेला, शेजाऱ्याला चार शब्द सांगायची वेळ तुमच्यावर येतेच ना? मग हे तुमच्यासाठीही आहे.

आधी माझी फजिती सांगतो. आळंदीला चार वर्षं शिकून मी गावी आलो. आमचं गाव नगर-बीडच्या शिवेवरचं. वय बावीस-तेवीस. गावच्या सप्ताहात मला कीर्तन दिलं. मी काय केलं असेल? जेवढं पाठ होतं तेवढं सगळं सांडलं! ज्ञानेश्वरीची प्रमाणं, नाथभागवताची प्रमाणं, गाथ्याची प्रमाणं, मधे मधे संस्कृत. एकाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. पखवाजवाला खूश, टाळकरी खूश, म्हातारे माना हलवतायत. मला वाटलं, जिंकलं.

सकाळी आई चुलीपुढे बसली होती. मी विचारलं, "आई, कालचं कीर्तन कसं झालं गं?"

ती म्हणाली, "आवाज लागला बाबा तुझा. लय गोड लागला."

"आणि सांगितलेलं?"

तिने भाकरी उलटली. म्हणाली, "मला एवढंच कळलं की माझ्या पोराला लय पाठ हाय."

मंडळी, चार वर्षांच्या शिक्षणाची परीक्षा आईने एका वाक्यात घेतली आणि नापासाचा निकाल हातात दिला. मला राग आला. मी म्हटलं, तुला शास्त्र कळत नाही. तेव्हा ती जे बोलली ते मी आज चाळीस वर्षांनी तुम्हाला सांगतोय. ती म्हणाली, "मी लहान व्हते तवा माझ्या माहेरी एक बुवा आले व्हते. ते बायकांकडं बघून म्हणले, तव्यावरची पहिली भाकरी कुणाला वाढता गं? आम्ही म्हणलो, देवाला, गाईला. मग म्हणले, आन सासूला कितवी? समद्या बायका गप. तवापासून तवा तापला की तो बुवा मला आठवतो."

आई शाळेत गेलेली नाही. त्या बुवांचं नाव तिला माहीत नाही, त्या दिवशी अभंग कोणता होता तेही नाही. पण आमच्या आजीला शेवटपर्यंत गरम भाकरी मिळाली, ती त्या एका प्रश्नामुळे. बुवांनी सेवाधर्म सांगितला होता. तो त्यांनी कशाला बांधला? तव्याला! आणि तवा तर रोज तापतो. बुवा गेले, सप्ताह संपला, तरी दिवसातून दोनदा तिच्या घरात कीर्तन चालूच. मी मात्र माझी प्रमाणं दुसऱ्या प्रमाणांना बांधली होती. आईच्या घरात त्यांना टेकायला जागाच नव्हती.

आता बघा, ही काही त्या बुवांची नवी युक्ती नव्हे. आपल्या संप्रदायाचा हा पायाच आहे. माउलींनी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. नऊ हजारांवर ओव्या. विद्वानांसाठीच सांगायची असती तर दृष्टांत कशाला हवे होते? सिद्धांत दोन ओळींत संपतो. पण माउली सिद्धांत सांगतात आणि लगेच तुमच्या अंगणात येऊन उभे राहतात.

एकच दृष्टांत घेऊ, पहिल्या अध्यायातला. अर्जुन रणात हातपाय गाळून बसला आहे. हा अर्जुन कसला? शंकराशी झुंजलेला. तो कुणाच्या बाणाने पडला? कुणाच्याच नाही. आपल्या माणसांच्या मायेने पडला. आता हे लोकांना कसं पटवायचं? मोह ही मोठी शक्ती आहे असं म्हटलं तर लोक "हो महाराज" म्हणतील आणि जांभई देतील. माउली काय म्हणतात त्याचा भाव सांगतो. भुंगा पाहिलाय ना? वाळलेलं, कठीण लाकूड तो सहज पोखरतो. पण संध्याकाळी कमळ मिटलं की तोच भुंगा त्या कोवळ्या पाकळ्यांत अडकून पडतो. प्राण जाईल तरी पाकळी चिरत नाही.

पूर्वी आपल्या घरांना लाकडी वासे असायचे. भुंगा त्यांना भोकं पाडायचा, खाली पिवळा भुसा पडायचा, बाया सकाळी झाडायला लागल्या की शिव्या द्यायच्या. म्हणजे भुंग्याची ताकद श्रोत्याला आधीपासून ठाऊक आहे, ती माउलींना समजावून द्यावी लागत नाही. त्यांनी फक्त तुमच्या वाशातला भुंगा उचलला आणि कमळात नेऊन ठेवला. आता सांगा, पोराच्या मायेपायी कर्ज काढून लग्नाचा मांडव घालणारा बाप दिसला की तुम्हाला काय आठवेल? सातशे वर्षांपूर्वीचा भुंगा अजून उडतोय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दृष्टांत कोमल आहे. त्यात अर्जुनाची निंदा नाही. भुंगा पाकळी चिरत नाही यात त्याचं प्रेमही दिसतं. ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, हा मीच. "तू मूर्ख आहेस" असं म्हटलं असतं तर त्याने कान मिटले असते.

नाथबाबांनी तर पुढची पायरी गाठली. भारूडात विंचू आणला. काम-क्रोधाचा विंचू आणि त्यावर सत्त्वगुणाचा उतारा. खळ्यावर, सरपणात, चुलीमागे हात घालताना ज्याला विंचू चावलाय त्याला तो ठणका वेगळा सांगावा लागत नाही. क्रोध रात्रभर कसा ठणकतो, हे त्याला एका क्षणात अंगावर कळतं. आणि नाथ स्वतः केवढे पंडित! भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारा माणूस वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या बोलीत बोलतो. आम्ही मात्र पाव शिकलो की पहिल्यांदा आपल्या आईची बोली सोडतो.

आता कीर्तनाची रचना पाहा, तीही याच कामासाठी बसवलेली आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग. पूर्वरंगात निरूपण, तत्त्वाची फोड. मग मध्यंतर, बुक्का लागतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो. नंतर उत्तररंगात आख्यान, म्हणजे तेच तत्त्व एखाद्या हरिश्चंद्राच्या, एखाद्या ध्रुवाच्या आयुष्यात घडताना दाखवायचं. आधी कळायला हवं आणि मग डोळ्यांना पाणी यायला हवं. नुसता पूर्वरंग कोरडा, नुसता उत्तररंग तमाशा. वारकरी कीर्तनात आख्यानाला तेवढी जागा नाही. आपला एकच अभंग, त्याची चरणं एकेक घ्यायची. पण ध्रुवपद बघा! बुवा कुठेही भटकोत, टाळकरी ध्रुवपद धरतात आणि बुवांना ओढून जागेवर आणतात. दोन तासांत ते एक चरण श्रोत्याच्या कानावर किती वेळा पडत असेल! आणि पडतं ते गळ्यातून, टाळातून, पखवाजातून. घरी जाताना माणूस तेच गुणगुणत जातो. ज्याने ही पद्धत बसवली त्याला माणसाचं मन पुरतं माहीत होतं.

तालाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या आयाबाया जात्यावर ओव्या म्हणायच्या. लिहिणं नाही, वाचणं नाही, आणि शेकडो ओव्या पाठ. पुण्याच्या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या आहेत. आईला नुसतं बसवून "ओवी म्हण" म्हटलं तर आठवायची नाही. मग ती हात जात्याच्या खुंट्याला धरल्यासारखा फिरवायची, की सुरू! गिरणी आली, हात थांबला, ओवी गेली. तक्रार नाही करत, गिरणीने बायांचे खांदे वाचवले. पण आठवण हातात राहते, हे मी तिथे पाहिलं.

आता गाडगेबाबा. १८७६ सालचा जन्म, विदर्भातलं शेंडगाव. बाबा शाळा शिकले नाहीत. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. गावात यायचे ते आधी गाव झाडायचे. दिवसभर झाडलोट, आणि रात्री कीर्तन. म्हणजे स्वच्छतेवर बोलायच्या आधी लोकांनी काय पाहिलेलं असायचं? झाडलेला रस्ता! त्याच रस्त्यावरून चालत लोक कीर्तनाला यायचे.

आणि कीर्तनात बाबा सांगत कमी, विचारत जास्त. वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकायचे, उत्तर समोरच्या गर्दीने द्यायचं. मग त्या उत्तरावर दुसरा प्रश्न. असं करत करत लोकांना अशा ठिकाणी आणून सोडायचे की कर्ज काढून सण करू नये, देवापुढे बकरं कापू नये, पोराला शाळेत घालावं, हे लोक स्वतःच मोठ्याने बोलून बसलेले असत. आपल्याच तोंडाने दहा हजार माणसांत बोललेला शब्द घरी जाऊन मोडायला अवघड जातो. बाबांनी १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवला. त्यांची नक्कल करणारे पुष्कळ झाले. चिंध्या घालता येतात, पण दिवसभर झाडायला कोण तयार आहे?

हे सगळं मला माहीत होतं बरं का. शिकवत होतो मी हे! तरीही जे घडलं ते आता सांगतो, कारण त्यात एका माउलीची वारी गेली.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. पालखी कोणती ते सांगत नाही. आमची दिंडी रथामागे, क्रमांक चोवीस. रोज मुक्कामाला आरती झाली की मीच उभा राहून सांगायचो, "माउली, चुकामूक झाली तर दिंडी क्रमांक सांगा, रथामागे चोवीस." रोज. सतरा-अठरा दिवस. एकही दिवस चुकला नाही.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. ती गर्दी ज्याने पाहिली त्यालाच कळेल. तिथे रिंगणानंतर आमच्यातली एक आजी मागे राहिली. सत्तरीची, पहिलीच वारी. लोकांनी विचारलं, आजी दिंडी कुठली? म्हणाली, महाराजांची. आता वाखरीत महाराज काय थोडे असतात? तंबू कसा? खाकी. ट्रक कसा? पिवळा. लोकांनी चार ठिकाणी फिरवली, जेवायला घातलं, पोलिसांच्या मंडपात नेऊन बसवली. आम्ही इकडे कर्ण्यावरून पुकारतोय, ती तिकडे बसलेली. दोन रात्री. द्वादशीला सापडली. पंढरपूर सहा-सात किलोमीटरवर आणि एकादशीचं चंद्रभागेचं स्नान गेलं, कळसाचं दर्शन गेलं. पहिली वारी, आणि ज्यासाठी चालत आली तोच दिवस गेला.

मी तिच्यापुढे बसलो. खरं सांगू, मनात रागच होता. म्हटलं, "आजी, मी रोज क्रमांक सांगत होतो ना?"

ती म्हणाली, "व्हय की महाराज, रोज सांगत व्हते. मला वाटलं ते शिकल्याल्या मानसांसाठी हाय. आकडा म्हंजी आमचं काम न्हाई."

अठरा दिवस मी ओरडलो आणि तिला वाटलं हे दुसऱ्या कुणाला सांगतायत. कान ठीक होते, बुद्धी ठीक होती. तिला सगळा हरिपाठ पाठ होता हो! चोवीस हा एक शब्द राहिला नाही, कारण तो तिचा आहे असं मी तिला वाटूच दिलं नाही. तवा, विंचू, भुंगा सगळे कीर्तनापुरते ठेवले आणि तंबूत उभा राहून सरकारी नोटीस वाचल्यासारखा आकडा वाचला. धर्माचं बोलणं वेगळं आणि व्यवहाराचं वेगळं, असं मीच मनात धरून बसलो होतो.

पुढच्या वर्षी प्रस्थानाच्या रात्री क्रमांक सांगितलाच नाही. बायांना विचारलं, "महिन्याला एकादश्या किती?" दोन. "वर्षाला किती?" जरा गडबड झाली, मग आवाज आला, चोवीस! म्हटलं, "आपली दिंडी कितवी?" पुन्हा चोवीस! इतक्यात एक म्हातारबाबा मागून ओरडले, "अधिक महिना आला की सव्वीस होत्यात महाराज!" सगळे हसले. मी बाबांच्या पाया पडलो आणि म्हटलं, "अधिकात वारी नसती, चोवीसच धरा." त्या भांडणामुळे आकडा आणखी पक्का झाला. दुसऱ्या दिवसापासून विचारायचं काम मी सोडलं, ते एका आजीकडे दिलं. ती आरतीनंतर विचारायची, टाळाच्या ठेक्यावर बाया उत्तर द्यायच्या. रथाच्या पुढे की मागे, हेही लागतंच. त्यासाठी म्हटलं, आपण रथाची पाठ बघत चालतो. रोज डोळ्यांपुढे रथाची पाठ, मग विसरणार कसं?

पण आठवणं वेगळं आणि काळजी वाटणं वेगळं, हे मला त्याच वर्षी समजलं. तरुण पोरांना आकडा पाठ झाला, पण मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे वळून कोण बघतो? तेव्हा वाखरीच्या आदल्या मुक्कामाला मी त्या आजीची हकिकत सांगितली. तिला विचारून, नाव न घेता. दोन रात्री ती झोपली का नाही, ते सांगितलं. झोपले तर दिंडी पुढून निघून जाईल, असं तिला वाटत होतं. एवढंच सांगितलं, "काळजी घ्या" असं एकदाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर एकेका म्हाताऱ्या माणसामागे एकेक पोरगं चालतंय. कुणी नेमलेलं नव्हतं. ती आजी त्या वर्षीही आली होती. कुणाची हकिकत आहे ते ओळखून गालात हसत बसली होती. त्या एकादशीला तिने स्नान केलं.

सगळं जमलं असं समजू नका. पुढच्या एका वर्षी एक बाबा हरवले आणि त्यांनी पोलिसांना सांगितलं, दिंडी क्रमांक एकादशी! तरी त्या हवालदाराने डोकं लावून शोधलं, तोही माळकरी निघाला म्हणून.

आता एक धोका सांगतो, कारण हल्ली तो फार वाढलाय. ज्या खुंटीला आपण बोलणं टांगतो, ती खुंटीच लोक उचलून नेतात. मीही एके काळी सुनांवर एक विनोद करायचो. मंडप डोक्यावर घ्यायचे लोक. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो तर पाणी द्यायला आलेली एक सून हळूच म्हणाली, "महाराज, यंदा तो विनोद नका सांगू. वर्षभर सासूबाई मला त्याच नावानं हाका मारतात." बघा! माझं निरूपण एकाच्याही ध्यानात नव्हतं, पण विनोद वर्षभर त्या घरात राहिला, आणि ज्या पोरीने मला पाणी दिलं तिला टोचत राहिला. त्या दिवसापासून तो बंद केला. आता तर मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं तुकडं फिरतं, त्यात हशा असतो, अभंग नसतो. नव्या पोरांना मी सांगतो, दृष्टांत बांधण्याआधी बघा, तो कुणाच्या अंगावर पडतोय. आणि खोटा चमत्कार जोडू नका. तोही ध्यानात राहतो, आणि खोटा कळला की त्याच्याबरोबरचं खरंही लोक टाकून देतात.

थांबणंही शिकावं लागतं. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाला समाजआरतीला सगळ्या दिंड्यांचे टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा समाज चिडीचूप होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात. लाखाच्या गर्दीत एका दिंडीचं म्हणणं ऐकू येतं ते बाकीचे गप्प असतात म्हणून. आम्ही कीर्तनकार दोन तासांत एक क्षण गप्प बसत नाही. बुवांनी सासूला कितवी भाकरी विचारलं, तेव्हा बायका गप्प झाल्या होत्या. बुवाही गप्प राहिले असणार. मी असतो तर लगेच पुढचं प्रमाण फेकलं असतं आणि भाकरी करपली असती.

आई होती तोवर प्रत्येक कीर्तनानंतर मी तिला विचारायचो, काय राहिलं? कधी म्हणायची, "आज तुझं पोट भरलं, माझं न्हाई." कधी एखादं वाक्य उलटं सांगायची आणि ते माझ्यापेक्षा चांगलं असायचं. ती गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही. म्हणून आता कीर्तन संपल्यावर मी लगेच गाडीत बसत नाही. पंगतीत वरणाची बादली घेतो आणि वाढता वाढता विचारतो. मोठी माणसं "फार छान झालं महाराज" म्हणतात, त्यात काही अर्थ नसतो. पोरं खरं सांगतात. मागच्या सप्ताहात हीच हकिकत सांगितली होती. नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा ताट पुढे करून बसला होता. विचारलं, "काय राहिलं रे ध्यानात?"

म्हणाला, "तुमच्या आईनं तुम्हाला नापास केलं ते." आणि वर म्हणाला, "भात पण वाढा."